जागतिक करारातले सोळावे कलम आणि आपण

१९७९ च्या डिसेंबरात मी मुंबईच्या एका इस्पितळात स्टुडंट नर्स होते. बाळंतिणींच्या वॉर्डात माझी रात्रपाळी चालू होती. त्या महिन्याच्या १८ तारखेला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहीसा करण्याचा करार मंजूर केला. बाजूने १३० मते पडली, विरोधात एकही पडले नाही. आमच्या वॉर्डात मात्र या गोष्टीची कोणाला गंधवार्ताही नव्हती.

त्याच दिवसांत आमच्याकडे एक बाई सहाव्या बाळंतपणाला आली होती. अंगात रक्त नव्हते. आणखी एक बाळंतपण झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तिला स्वतःला कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करून घ्यायचे होते. पण फॉर्मवर नवऱ्याची सही नाहीतर अंगठा हवा, असे ऑफिसचे म्हणणे पडले. चार दिवस निरोप गेले, नवरा आला नाही. पाचव्या दिवशी बाळाला दुपट्यात गुंडाळून ती घरी गेली. तिचे डिस्चार्ज कार्ड मीच लिहिले. शरीर तिचे, जीव तिचा, आणि सही दुसऱ्याची, हे त्या वेळी मला खटकले. पण यालाच जगाच्या कायद्याच्या भाषेत काही नाव असेल, हे ठाऊक नव्हते.

पुढे अलीया करून इथे आले, दक्षिणेतल्या एका इस्पितळात बरीच वर्षे नोकरी केली आणि निवृत्त झाले. गेल्या वर्षी ८ मार्चला आमच्या महिला मंडळाने दोन शब्द बोलायला सांगितले, म्हणून त्या कराराची सगळी ३० कलमे प्रथमच नीट वाचून काढली. सोळाव्या कलमापाशी आले आणि थांबले. त्यात माझ्या वॉर्डातली ती बाई होती. मुले किती व्हावीत आणि किती अंतराने व्हावीत, हे ठरवण्याचा स्त्री-पुरुषांना सारखाच हक्क आहे, असे त्यात लिहिले आहे. लग्नाला मनापासून संमती, संसारात आणि संसार मोडताना सारखे हक्क, मुलांविषयी सारखी जबाबदारी, घरादारावर सारखा अधिकार, सारे याच एका कलमात आहे. म्हणून आज या कराराची हकीकत आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

ही गोष्ट १९७९ च्या पुष्कळ आधी सुरू होते. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोला राष्ट्रसंघाच्या सनदेवर ५० देशांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या, त्यांत स्त्रिया अवघ्या चार होत्या. त्यांतल्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्वा बर्नार्दिनो आणि ब्राझीलच्या बेर्था लुट्झ यांनी हट्ट धरला, म्हणून सनदेच्या प्रास्ताविकात ‘स्त्रीपुरुषांचे समान हक्क’ हे शब्द आले. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, स्त्रियांच्या दर्जाविषयी एक स्वतंत्र आयोग स्थापन झाला.

यानंतर आपल्या मुंबईशी नाते असलेल्या एका बाईंचे नाव येते. हंसाबेन मेहता या मूळच्या सुरतेच्या. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईत नर्सिंग केले त्यांना डॉ. जीवराज मेहता हे नाव माहीत असेल, के. ई. एम. इस्पितळाचे ते पहिले डीन. हंसाबेन त्यांच्या पत्नी. पण त्यांची खरी ओळख स्वतःच्या कामाची. अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या, भारताच्या घटना समितीच्या सभासद होत्या आणि १९४७-४८ मध्ये राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारतातर्फे बसत. आयोगाच्या अध्यक्षा होत्या श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. त्या शब्दात स्त्रियाही येतातच, असे पुष्कळांना वाटत होते. हंसाबेन मात्र अडून बसल्या. काही देश या शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊन स्त्रियांना बाहेर ठेवतील, ही त्यांची भीती होती. शेवटी तेथे ‘सर्व मानव’ असे शब्द आले आणि १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा तसाच मंजूर झाला.

पण जाहीरनामा म्हणजे इच्छा. त्याने कोणी बांधला जात नाही. म्हणून स्त्रियांच्या आयोगाने एकेक प्रश्न घेऊन करार करवून घेतले. १९५२ मध्ये मतदानाच्या आणि राजकीय हक्कांचा झाला. १९५७ मध्ये लग्न झालेल्या स्त्रीच्या नागरिकत्वाचा झाला, कारण परदेशी माणसाशी लग्न करताच स्त्रीचे नागरिकत्व जावे, असा पुष्कळ देशांत कायदा होता. १९६२ मध्ये लग्नाची संमती, किमान वय आणि नोंदणी यांविषयीचा झाला. हे सर्व तुकडे एकत्र जोडावेत म्हणून १९६७ मध्ये एक घोषणापत्र निघाले. १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष अनेकांना आठवत असेल; त्या वर्षी मेक्सिकोला परिषद भरली आणि बांधील करार हवा या मागणीला जोर आला. त्यातून १९७९ चा करार झाला. १७ जुलै १९८० रोजी कोपनहेगनला ६४ देशांनी त्यावर सह्या केल्या आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून तो अमलात आला. आज १८९ देश त्यात आहेत. अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, पण अद्याप त्याला कायम मान्यता दिलेली नाही.

आता आपल्या दोन्ही देशांविषयी. इस्राएलने १९८० मध्ये सही केली आणि ३ ऑक्टोबर १९९१ रोजी करार स्वीकारला. भारतानेही १९८० मध्येच सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी तो स्वीकारला. स्वीकारताना कोणत्याही देशाला ‘अमुक कलम आम्हांला पूर्ण लागू नाही’ असे लिहून देता येते. आपल्या दोन्ही देशांनी तसे लिहून दिले, आणि नेमके सोळाव्या कलमाविषयीच! इस्राएलने म्हटले की, निरनिराळ्या धर्मसमाजांचे विवाहविषयक कायदे त्या कलमाशी जुळत नसतील तेथवर आम्ही बांधील नाही. शिवाय धार्मिक न्यायालयांत स्त्रियांना न्यायाधीश नेमण्याविषयीही सूट मागितली. भारताने म्हटले की, कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाने पुढाकार घेतल्याशिवाय आणि संमती दिल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. एक आपली मायभूमी, दुसरी आपल्या पूर्वजांची भूमी. दोघींनी एकाच दाराला कुलूप लावले.

इथे हे कुलूप तसे जुनेच. १९५१ च्या स्त्रियांच्या समान हक्कांच्या कायद्यात समानता दिली, पण विवाह व घटस्फोट यांत काय निषिद्ध आणि काय मान्य, त्याला हा कायदा धक्का लावणार नाही, असेही त्यातच लिहिले. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट रब्बानी न्यायालयांच्या हाती गेले. घटस्फोटाचे पत्र, ‘गेट’, हे नवऱ्याने स्वखुशीने द्यायचे असते. माझ्या वॉर्डातल्या एका सहकारी बाईचा नवरा घर आपल्या नावावर करून मागत होता, आणि तोवर गेट देत नव्हता. तो निराळ्या गावी आपला सुखाने राहत होता. ती नऊ वर्षे ना लग्नाची, ना सुटलेली अशी होती. एवढ्यात तिचे मूल होण्याचे वयही निघून गेले. १९९५ मध्ये गेट अडवणाऱ्या नवऱ्याविरुद्ध उपाय करण्याचा कायदा झाला. परदेशी जाणे, वाहनाचे लायसन्स, बँकेचे खाते, सगळे रोखता येते आणि प्रसंगी तुरुंगातही टाकता येते. लायसन्सवर टाच आली, तेव्हा त्या गृहस्थाला गेट सुचले. हा कायदा जागतिक करारामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. इथल्या स्त्री-संघटनांनी तो वर्षानुवर्षे लावून धरला होता.

लग्नाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. १९६२ मध्ये मुख्य रब्बीनिष्ठ मंडळाने बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. आईची, आजीची, जितके मागे जाता येईल तितकी चौकशी! १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेतने या प्रश्नासाठी खास बैठक घेतली आणि आदेशातून आपले नाव गेले. तेव्हा आपण मागत होतो ते काय? आमच्या लग्नाचा विचार माणूस म्हणून सारखेपणाने करा, एवढेच ना? मग तेच मागणे आपली मुलगी मागते, तेव्हा ते परके किंवा धर्माविरुद्ध कसे ठरते?

धर्म आणि हा करार नेहमी एकमेकांसमोर उभे राहतात, असेही नाही. येरुहामला आपली किती कुटुंबे आहेत हे वाचकांना माहीत आहेच. १९८६ मध्ये तिथल्या धार्मिक कौन्सिलवर लेआ शक्दिएल या धर्मनिष्ठ बाईंची निवड झाली. स्त्री म्हणून त्यांना बसू दिले गेले नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८८ मध्ये जिंकल्या. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मेनाखेम एलोन स्वतः धर्मशास्त्राचे मोठे पंडित होते. तोऱातली सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. बापाच्या वाट्याची जमीन आम्हांला द्या, असे त्या मोशेपुढे उभ्या राहून म्हणाल्या आणि त्यांचे म्हणणे योग्य ठरले. मात्र पुढे, त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात, त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट आली. हक्क मिळाला की लग्नाच्या दारात अट येते, हे तेव्हापासूनचे आहे!

मग या कराराचा उपयोग काय, असे आमच्या मंडळात एका बाईंनी विचारले. त्यांना मी भारताचे उदाहरण दिले. राजस्थानात सरकारी योजनेत काम करणाऱ्या भंवरी देवींनी बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. कामाच्या जागी स्त्रीचे रक्षण करणारा कायदाच त्या वेळी देशात नव्हता. १९९७ च्या विशाखा खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या कराराचा आधार घेतला आणि कायदा होईपर्यंत पाळायचे नियम स्वतःच घालून दिले. कायदा २०१३ मध्ये झाला. सोळा वर्षे देशभरच्या नर्सेस, शिक्षिका आणि कारकून बायकांना आधार होता तो त्या नियमांचाच. दुसरे असे की, प्रत्येक देशाला ठराविक मुदतीने २३ तज्ज्ञांच्या समितीपुढे हिशेब द्यावा लागतो. ही समिती आपल्या दोन्ही देशांना सोळाव्या कलमावरची सूट मागे घ्या, असे वारंवार सांगत आली आहे. इस्राएलच्या प्राध्यापिका रूथ हाल्पेरिन-कद्दारी २००६ ते २०१८ या काळात त्या समितीवर होत्या. त्यांचा अभ्यासाचा विषय कुटुंबविषयक कायदा हाच. कुलूप एका दिवसात निघत नाही. पण ‘हे कुलूप का?’ असे दर काही वर्षांनी चारचौघांत विचारले जाते, हेही थोडे नाही.

भारताच्या निवेदनातले शब्द मी पुन्हा वाचले : समाजाचा पुढाकार आणि समाजाची संमती. म्हणजे चेंडू आपल्याच अंगणात आहे. आपल्याकडे लग्न ठरले की हॉल, साड्या, मेंदीची रात्र, मलिद्याचे ताट, सगळ्याची चर्चा होते. इथे काही रब्बी आणि रब्बानी न्यायालयात बाजू मांडणाऱ्या एका बाई यांनी मिळून लग्नापूर्वी करायच्या कराराचा नमुना तयार केलेला आहे. त्यावर दोघांनी सह्या करायच्या असतात. कोणी घटस्फोट अडवून धरला तर त्याच्यावर पोटगीचा बोजा वाढतो. धर्माची चौकट न मोडता ही सोय होते. मेंदीच्या आधी एक संध्याकाळ मुलाच्या आणि मुलीच्या आईवडिलांनी हा कागद शेजारी बसून वाचावा, असे मला वाटते. त्यात अविश्वास नाही. इस्पितळात ऑपरेशनपूर्वी आपण रक्ताची बाटली तयार ठेवतो, म्हणून काही डॉक्टरवर अविश्वास दाखवत नाही.

१९९६ मध्ये इथे रुग्णांच्या हक्कांचा कायदा झाला. तेव्हापासून मी कितीतरी स्त्रियांपुढे संमतीचा फॉर्म धरला आणि कोठे सही करायची ते बोटाने दाखवले. तिची स्वतःची सही. दर वेळी मला मुंबईतली ती बाई आठवे. आपल्या मुलींना आणि नातींना सही करायच्या जागा आयुष्यात अनेक येतील. लग्नाचा कागद त्यांतला सर्वांत मोठा. तो वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही करण्याची सवय त्यांना आपल्या घरातूनच लागली पाहिजे.

शालोम.