तोरण : दगडाचे आणि पानांचे

तोरण म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती सुतळीत ओवलेली आंब्याची पाने. पण शब्दाचा मूळ अर्थ वेगळा. तोरण म्हणजे उभी कमान. दोन खांब आणि वर आडव्या तुळया. पानांच्या माळेला संस्कृतात वंदनमाला म्हणत. हिंदीतली बंदनवार तीच. मराठीत मात्र माळेनेच कमानीचे नाव बळकावले.

सांचीची तोरणे दगडी, पण घडण सगळी सुताराची. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद, त्याच्या दानाचा लेख आहे. सातकर्णी म्हणजे सातवाहन, आपल्याच मुलखावर राज्य केलेले घराणे. पण तितक्या दूर कशाला? नाशिकच्या पांडवलेण्यांतले ३ नंबरचे लेणे बघा. गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ते भिक्षूंना दिले. त्याची दारचौकट सांचीच्या तोरणाची आठवण करून देते, आणि दोहो बाजूंच्या द्वारपालांच्या हाती फुलांचे गुच्छ आहेत!

दगडातले गुच्छ टिकले. खरी पाने चार दिवसांत सुकतात. त्यांचा इतिहास लेण्यात नाही, बांधणाऱ्याच्या हातात असतो. एका पिढीने प्लॅस्टिकचे तोरण आणून खिळ्याला अडकवले, की पुढची पिढी गाठ विसरलीच म्हणा.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे भात निघाले की मार्गशीर्षात सामानाला तोटा नसतो. भाताच्या लोंब्या, नागलीची कणसे, बांधावरचा वाळलेला कुरडू, सागाची फुगीर फळे. लोंब्या वीतभर दांड्यासकट घ्याव्यात. फार करकरीत वाळल्या तर बांधतानाच दाणे झडतात. पाच-सात दांडे अंबाडीच्या ओल्या वाखाने आवळायचे, वाख सुकला की गाठ आणखी घट्ट बसते. मग एक जुडी, एक आंब्याचे पान, असे सुतळीत ओवत जायचे. फांद्या मोडू नयेत, पाने खुडावीत. आणि आपट्याला तर हातच लावू नका! दसऱ्याला तो ओरबाडून झालेला असतो, शिवाय आपटा समजून बिचारा कांचनही लुटला जातो.

गुरुजी, मुलांकडून प्रत्येक पानाचे गावातले नाव वहीत लिहून घ्या. तोरण शाळेच्या बाहेरच्या अंगाला बांधा. चिमण्या दाणे टिपून नेतील. सुतळी तेवढी सोडवून ठेवा, पाडव्याला कामी येईल.