गृहशाळेतील अखेरचे टप्पे

विवेचनाच्या आरंभी तीन संज्ञांचे अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. पहिली संज्ञा 'गृहशिक्षण'. मूल शाळेत जाते आणि संध्याकाळी घरी त्याचा अभ्यास घेतला जातो, एवढ्याने गृहशिक्षण सिद्ध होत नाही. पाठ्यक्रम, वेळापत्रक, अध्यापन आणि मूल्यमापन या सर्वांचा भार पालक कायद्याच्या मर्यादेत स्वतःकडे घेतात, तेव्हाच ही संज्ञा लागू पडते. दुसरी संज्ञा 'ख्रिस्ती गृहशिक्षण'. ख्रिस्ती कुटुंबात दिले जाणारे प्रत्येक गृहशिक्षण या वर्गात येत नाही. शाळा दूर आहे किंवा मूल आजारी आहे म्हणून घरी शिकवणारे ख्रिस्ती पालक पुष्कळ आहेत. अपत्याचे शिक्षण हे ईश्वराने मातापित्यांवर सोपवलेले कर्तव्य असून ते राज्याकडे हस्तांतरित करता येत नाही, या श्रद्धेतून जे शिक्षण उद्भवते तेच येथे अभिप्रेत आहे. त्याचा शास्त्राधार म्हणून जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाचा सहावा अध्याय दिला जातो.

तिसरी संज्ञा 'टप्पा'. कुटुंबाच्या वर्षात आनंदाचे प्रसंग अनेक येतात, पण ते सर्व टप्पे नव्हेत. वाढदिवस हा टप्पा नाही, आणि बीजगणिताचे पुस्तक संपणे हाही नाही. टप्प्याची दोन लक्षणे मानावीत : (१) त्या घटनेने एखादा अधिकार एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जातो, (२) त्या संक्रमणाला घराबाहेरचा साक्षी असतो. पहिले लक्षण सर्वमान्य आहे. दुसरे वादग्रस्त आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा भर त्याच्यावरच आहे.

विवेचनाचे क्षेत्र अमेरिकेची संयुक्त संस्थाने, आणि त्यांतही मुख्यतः टेक्सास. तेथील गृहशिक्षणाच्या चळवळीचे उगम निरनिराळे आहेत. जॉन होल्ट यांनी शाळा या संस्थेविषयीच्या असमाधानातून १९७७ मध्ये या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. त्यांच्या विचारात धर्माला स्थान नव्हते. रेमंड आणि डोरोथी मूर हे सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे दांपत्य. लहान मुलांना औपचारिक शिक्षणात लवकर ढकलू नये, हा त्यांचा मूळ सिद्धांत बालविकासाचा होता, पण त्याला अनुयायी लाभले ते प्रामुख्याने धर्मनिष्ठ पालकांत. रूसस रश्डूनी यांनी त्याआधीच, १९६३ मध्ये, सरकारी शिक्षणावर धर्मशास्त्रीय हल्ला चढवला होता. १९८३ मध्ये गृहशिक्षक पालकांच्या कायदेशीर संरक्षणासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढील दहा वर्षांत सर्व पन्नास राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले. १९९९ मध्ये संघराज्याच्या शिक्षणखात्याच्या अनुमानानुसार अशा मुलांची संख्या साडेआठ लाख होती. २०१२ मध्ये ती पावणेअठरा लाखांच्या आसपास गेली. २०२० च्या साथीत गृहशिक्षण देणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण जनगणना विभागाच्या पाहणीत काही महिन्यांतच ५.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले. परंतु ही वाढ प्रायः निरुपायाची होती. तिला श्रद्धेच्या खाती जमा करणे योग्य नाही.

टेक्सासची निवड सकारण आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात गृहशाळा ही खाजगी शाळाच होय, हा निर्णय कायम केला. अट एवढीच की अध्यापन प्रामाणिक असावे आणि लिखित अभ्यासक्रमात वाचन, वर्णलेखन, व्याकरण, गणित व सुनागरिकत्व हे पाच विषय असावेत. नोंदणी नाही, तपासणी नाही, राज्याची परीक्षा नाही. परिणामी पालक, शिक्षक, परीक्षक आणि प्रमाणक ही चार पदे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटतात, आणि व्यवहारात ती व्यक्ती बहुधा आई असते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही पदे पहिल्या दिवसापासून विभक्त असतात. महाराष्ट्रात घरी शिकलेला विद्यार्थीही अखेर १७ नंबरचा फॉर्म भरून मंडळाच्या परीक्षेला बसतो, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग धरतो. म्हणजे परीक्षक आणि प्रमाणक आपल्याकडे सदैव परकेच राहतात. टेक्सासमध्ये तसे नाही, म्हणून चार पदांचे ऐक्य तेथे शुद्ध रूपात पाहावयास मिळते.

येथून मुख्य प्रमेय मांडता येते. अपत्य पंधरापासून अठरा वर्षांपर्यंत पोचते त्या काळात हे ऐक्य क्रमाक्रमाने विघटित होते, आणि ज्या घटनांनी ते विघटित होते त्यांनाच टप्पे म्हणावे. दोन-तीन भावंडे पाठोपाठची असतील तर हे विघटन एकाच वर्षात दाटीने घडते. एकाला वाहन चालवण्याचा परवाना, दुसऱ्याला शालेय शिक्षण पूर्ण झाल्याची पदविका, तिसऱ्याला महाविद्यालयातील प्रवेश, असे ते वर्ष असते.

टप्प्यांचे अधिकाराच्या उगमानुसार तीन वर्ग होतात : राज्याचे, विद्येचे आणि मंडळीचे (म्हणजे चर्चचे).

राज्याच्या टप्प्यांपैकी पहिला आणि सर्वांत बोलका म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना. १९९७ पासून टेक्सासच्या कायद्याने पालकाला स्वतःच्या अपत्याचा चालन-शिक्षक होण्याची मुभा दिली आहे. म्हणजे गृहशाळेचे तत्त्व येथे रस्त्यापर्यंत विस्तारले. पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो, सोळाव्या वर्षी मर्यादित परवाना. मधल्या काळात ७ तास प्रत्यक्ष अध्यापन, ७ तास निरीक्षण आणि ३० तास सराव पूर्ण करावा लागतो. त्या तिसांपैकी १० तास रात्रीचे असावे लागतात. याची नोंदवही ठेवली जाते. तारीख, मिनिटे, दिवस की रात्र, आणि शेवटच्या रकान्यात पालकाची आद्याक्षरे. आई शेजारच्या आसनावर बसते, आणि वळण आले की तिचा उजवा पाय जेथे ब्रेक नाही तेथे दाबला जातो. ही नोंद सर्वस्वी तिच्या सत्यनिष्ठेवर विसंबून असते; रात्रीचे दहा तास खरोखर भरले की नाही हे पाहण्यास कोणी येत नाही. परंतु रस्त्यावरील अंतिम परीक्षा घेण्याचा अधिकार तिला नाही. ती राज्याचा किंवा राज्याने अधिकृत केलेला परीक्षक घेतो. आईच्या अनुकूल मताला जेथे काहीच मूल्य नाही, असा हा बहुधा पहिला प्रसंग. शिक्षकापासून परीक्षक येथे प्रथम वेगळा होतो.

अठरावे वर्ष, मतदारनोंदणी आणि मुलग्यांची लष्करी नोंदपटावरील नोंद हे टप्पे वयानुसार येतात. त्यांत गृहशिक्षणाचे वैशिष्ट्य काही नाही. म्हणून त्यांचा निर्देश पुरेसा आहे.

विद्येच्या टप्प्यांपाशी अधिक थांबावे लागते. त्यांचा क्रम सामान्यतः असा : प्रथम परका शिक्षक, नंतर परका परीक्षक, शेवटी आईचे स्वतःचे प्रमाणपत्र. परका शिक्षक भेटतो तो जवळच्या कम्युनिटी कॉलेजात. सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी तेथे एखादा विषय घेतो आणि त्याचे श्रेयांक शाळा व महाविद्यालय या दोन्ही खात्यांत जमा होतात. परका परीक्षक भेटतो तो 'सॅट' किंवा 'एसीटी' या प्रवेशपरीक्षांत; अलीकडे ख्रिस्ती व अभिजात परंपरेच्या कुटुंबांत २०१५ मध्ये सुरू झालेली 'क्लासिक लर्निंग टेस्ट'ही घेतली जाते. या परीक्षांचे कार्य विद्यार्थ्याची पात्रता मोजणे एवढेच मानले जाते. गृहशिक्षणात त्यांचे दुसरेही एक कार्य आहे. परीक्षेतील गुण आणि आईने दिलेले गुण जुळले, तर आईने पूर्वी दिलेल्या सर्व गुणांना मागाहून विश्वसनीयता प्राप्त होते. परीक्षा येथे विद्यार्थ्याइतकीच शिक्षकाचीही होते.

यानंतर गुणपत्रक. बाहेरून पाहता हा एक कागद. नववी ते बारावी अशी चार वर्षे, प्रत्येकाखाली विषय, एकके व श्रेणी, तळाशी चारपैकी सरासरी, पालकाची स्वाक्षरी आणि तारीख. पण हा कागद तयार करताना चौदा वर्षांचे सहजीवन शालेय भाषेत उतरवावे लागते. न्याहारीनंतर रोज झालेले बायबलवाचन कोणत्या नावाने लिहावे? 'जुन्या कराराचे सर्वेक्षण, अर्धे एकक' असे लिहिता येते, आणि तसे लिहिलेही जाते. वडिलांबरोबर गोठ्याचे छप्पर बदलले, ते सुतारकाम की काहीच नव्हे? एक एकक म्हणजे साधारण १२० तासांचे काम, हा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेला संकेत येथे उपयोगी पडतो; तासांचा हिशेब लागत नसेल तर गोठ्याचे छप्पर पत्रकाबाहेर ठेवावे.

याहून कठीण प्रश्न श्रेणींचा. घरी शिकवण्याची रीत अशी की धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा धडा घ्यायचा नाही. उदाहरणे चुकली तर पुन्हा सोडवायची. या रीतीने शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात 'ए' श्रेणी मिळणे स्वाभाविक आहे. महाविद्यालयाचा प्रवेशाधिकारी मात्र तेच पत्रक ममतेचा पुरावा म्हणून वाचतो. येथे दोघेही चुकत नाहीत. शाळेतील श्रेणी तुलना दर्शवते, घरातील श्रेणी पूर्णता दर्शवते. चिन्ह एक असून अर्थ दोन आहेत. म्हणून विवेकी पालक पत्रकासोबत प्रत्येक विषयाचे वर्णन जोडतात. कोणते पुस्तक, किती प्रकरणे, किती प्रयोग, किती निबंध, हे सर्व त्यात येते. ज्या पत्रकात एकही 'बी' नाही ते असत्य असते असे नव्हे. पण वर्णनाविना ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

गुणपत्रकाप्रमाणे पदविकाही आईच देते; तिचे स्वरूप यावरून स्पष्ट होते. १९९८ मध्ये उच्चशिक्षणविषयक संघराज्य कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे राज्याच्या कायद्यानुसार गृहशिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला वेगळी समकक्षता परीक्षा न देता संघराज्याचे अर्थसाहाय्य मागता येते. प्रमाणकाचे पद कोणी आईकडून काढून घेत नाही. ते एकदाच पूर्णांशाने वापरले जाते आणि त्या वापरानेच संपते. अनेक राज्यांतील गृहशाळासंघटना सामुदायिक पदवीदान समारंभ घेतात. झगे आणि चौकोनी टोप्या इतर शाळांसारख्याच असतात. फरक एवढाच की पदविका देण्यासाठी व्यासपीठावर मुख्याध्यापक नसतो, विद्यार्थ्याचे आईवडील असतात. आपल्या परंपरेतील समावर्तन संस्काराशी याची तुलना सुचते, पण दिशा उलट आहे. समावर्तनात शिष्य गुरुगृह सोडून स्वगृही परततो. येथे गुरुगृह आणि स्वगृह एकच असल्यामुळे परतण्यास स्थान उरत नाही. स्नातकाला निघावेच लागते.

तिसरा वर्ग मंडळीच्या टप्प्यांचा. येथे पंथभेद ध्यानी घ्यावा लागतो. कॅथलिक, लूथरन इत्यादी परंपरांत बाप्तिस्मा शैशवात होतो आणि पुढे दृढीकरणाच्या वेळी अपत्य स्वमुखाने विश्वास स्वीकारते. बॅप्टिस्ट परंपरेत बाप्तिस्माच स्वमुखाच्या कबुलीवर अवलंबून असतो. दोन्ही ठिकाणी निष्कर्ष एक : विश्वासाची कबुली आईवडिलांना अपत्याच्या वतीने देता येत नाही. वर सांगितलेल्या चार पदांचा येथे उपयोग नाही. ज्या एका हेतूसाठी समग्र गृहशिक्षण मांडले गेले, त्याच हेतूच्या सिद्धीचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार गृहशिक्षकाला कधीच नव्हता. हा विरोध चळवळीच्या पुस्तकांत जेवढा यावयास हवा तेवढा येत नाही. मंडळीचा खरा टप्पा बहुधा समारंभाविनाच येतो. दूरच्या गावी राहू लागलेले अपत्य रविवारी कोणत्या उपासनेस जाते, किंवा जाते की नाही, हे ते स्वतः ठरवते.

जेथे हे विघटन घडू दिले जात नाही, तेथील स्थितीचाही विचार केला पाहिजे. तिचे दोन प्रकार. पहिला, अधिकार अठरानंतरही ताणून धरणे. काही कुटुंबांत कन्या विवाहापर्यंत पित्याच्या आज्ञेतच राहावी असे शिकवले गेले, आणि विवाहपूर्व परिचयही पालकांच्या अनुमतीनेच व्हावा असा आग्रह धरला गेला. १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस या तरुणाने या विचाराला लोकप्रिय करणारे पुस्तक लिहिले. तो स्वतः गृहशिक्षित आणि चळवळीतील एका अग्रणी पित्याचा पुत्र. २०१८ मध्ये त्यानेच त्या पुस्तकाचे प्रकाशन थांबवले आणि पुढच्या वर्षी आपण ख्रिस्ती राहिलो नसल्याचे जाहीर केले. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही. पण ताणलेला अधिकार विश्वास टिकवण्याची हमी देत नाही, इतके या उदाहरणाने सिद्ध होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर : साक्ष नाकारणे. जन्माची नोंद केलेली नाही, सामाजिक सुरक्षा क्रमांक नाही, गुणपत्रक नाही, अशा अवस्थेत प्रौढ झालेले गृहशिक्षित तरुण आढळले आहेत. त्यांना परवाना, नोकरी किंवा प्रवेश यांपैकी काहीही मिळणे दुरापास्त होते. २०१५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने या संदर्भात कायदा करून अशा कागदपत्रांसाठी आवश्यक सहकार्य नाकारणाऱ्या पालकावर दायित्व ठेवले. टप्प्याचे दुसरे लक्षण अनिवार्य का, याचे उत्तर येथे मिळते. घराच्या आत मूल कितीही शिकलेले असो, घराबाहेर त्याची नोंद नसेल तर अधिकाराचे संक्रमण झालेले नसते. हार्वर्डच्या विधिप्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० मध्ये गृहशिक्षणावर सामान्यतः बंदी असावी आणि अपवादांना अनुज्ञा द्यावी, असे मत मांडले. हा उपाय दोषापेक्षा मोठा आहे. परंतु टेक्सासमधील शून्य नोंदीची व्यवस्थाही समर्थनीय नाही. वर्षाकाठी एक नोंद आणि जन्माचा दाखला एवढी अपेक्षा कोणाच्याही श्रद्धेला बाधक नाही.

शेवटचा प्रश्न आईचा. सर्वांत धाकट्या अपत्याच्या पदविकेवर स्वाक्षरी होते त्या दिवशी तिची चारपैकी तीन पदे समाप्त होतात. वीस वर्षांचे काम थांबते, पण निवृत्तीचा समारंभ नाही, वेतन नव्हतेच म्हणून निवृत्तिवेतनही नाही. थोरल्या अपत्याचे गुणपत्रक सर्वांत सविस्तर आणि धाकट्याचे सर्वांत आटोपशीर, असे पुष्कळदा दिसते. त्यावरून तिच्या कौशल्याची वाढ मोजावी की थकव्याची, हे ठरवणे अवघड आहे. शाळेची नोंदणी झालेली नव्हती, म्हणून शाळा बंद झाल्याची नोंदही कोठे होत नाही. अन्य शाळा बंद पडली तर तिचे दप्तर कोणत्या तरी कार्यालयाकडे जाते. या शाळेचे दप्तर कपाटातच राहते. दहा-पंधरा वर्षांनी एखादे विद्यापीठ किंवा मालक गुणपत्रकाची स्वाक्षरित प्रत मागू शकतो, आणि तोवर स्वाक्षरी करणारी व्यक्ती हयात असेलच असे नाही. म्हणून गुणपत्रक, विषयवर्णने आणि पदविका यांच्या साक्षांकित प्रती प्रत्येक अपत्याच्या स्वाधीन केल्याशिवाय गृहशाळेचे काम पूर्ण झाले असे मानू नये.