मेजर मँट : एक विस्मृत वास्तुशिल्पी

कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहावयास येणारा प्रवासी त्याच्या काळ्या दगडी भिंतींकडे, घुमटांकडे व घड्याळाच्या मनोऱ्याकडे कौतुकानें पाहतो. राजवाडा कोणाचा, हें त्याला कोणीहि सांगेल; परंतु तो योजिला कोणीं, याचें उत्तर देणारा विरळाच. त्या योजकाचें नांव मेजर चार्ल्स मँट.

मँट हा रॉयल एंजिनिअर्स पथकांतील अधिकारी. १८५९ सालीं तो हिंदुस्थानांत आला. सुरतेचें हायस्कूल हें त्याच्या आरंभींच्या कामांपैकीं एक. तथापि त्याच्या कल्पकतेला खरा वाव मिळाला तो कोल्हापुरांत. तेथील टाउन हॉल १८७२ ते १८७६ या काळांत त्याच्या आराखड्याप्रमाणें बांधला गेला. छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत असतां इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं, अवघ्या विसाव्या वर्षीं निवर्तले. आर्नो नदीच्या तीरीं त्यांचें दहन झालें. तेथें १८७४ सालीं उभारलेल्या स्मारकाची छत्रीहि मँटनेंच योजिली.

त्या काळीं मुंबईंत इंग्रज स्थपति गॉथिक पद्धतीच्या इमारती उठवीत होते. मँटनें निराळा मार्ग धरिला. दालनांची मांडणी नव्या राहणीच्या सोयीची. कमानी, सज्जे, छत्र्या व घुमट मात्र या देशाच्या परंपरेंतले, अशी त्याची रीत. नव्या राजवाड्यासाठीं त्यानें जैन मंदिरें व भरतपूरजवळील डीग येथील महाल यांपासून स्फूर्ति घेतली. १८७७ सालीं त्या कामास आरंभ झाला.

लवकरच अजमीरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत व बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा, हीं प्रचंड कामेंहि त्याच्याकडे आलीं. हा भार त्याच्या मनाला पेलवला नाहीं. आपले हिशेब चुकले असून आपण योजिलेल्या इमारती कोसळणार, या भीतीनें त्याला ग्रासलें व त्यांतच त्याला बुद्धिभ्रंश झाला, असें सांगतात. १८८१ सालीं त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्यानें चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

या तिन्ही इमारती पूर्ण झाल्या त्या त्याच्या पश्चात्. कोल्हापूरचा राजवाडा १८८४ सालीं, तर मेयो कॉलेजची इमारत १८८५ सालीं तयार झाली. बडोद्याचें काम मद्रासच्या सेनेट हाउसचा शिल्पी रॉबर्ट चिझम यानें हातीं घेऊन १८९० सालीं तडीस नेलें.

आज सव्वाशेंहून अधिक पावसाळे लोटले, तरी तिन्ही वास्तु उभ्या आहेत. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या कांहीं भागांत वस्तुसंग्रहालय आहे, आणि अजमीरच्या इमारतींत विद्यार्थ्यांची वर्दळ चालूच आहे. मँटची भीति निराधार ठरली. पण तें पाहण्यास तो राहिला नाहीं. राजवाडा पाहतांना धन्याच्या वैभवाबरोबर या योजकाचें व त्याच्या रेषा दगडांत उतरविणाऱ्या पाथरवटांचेंहि क्षणभर स्मरण व्हावें, हें उचित होय.