खातेपान: जुळवणीची कुळकथा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली नंदगडची पेठ जुनी. गोव्याकडून मीठ, नारळ, खोबरेल, सुपारी घाट चढून इथे यायची आणि देशावरचा गहू खाली उतरायचा. ब्रिटिश गॅझेटियरनेही गावाच्या या व्यापाराची दखल घेतली आहे. असा व्यापार करणाऱ्या मराठी दुकानात दोन वह्या ठरलेल्या: रोजकीर्द आणि खतावणी. कीर्दीत व्यवहार घडेल तसा उतरायचा. आधी एकाचं मीठ, मग दुसऱ्याची सुपारी, मग पुन्हा पहिल्याची उधारी. खतावणीत मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र पान. कारकून कीर्दीतली रक्कम ज्याच्या त्याच्या पानावर नेऊन टाकायचा आणि त्या पानाचा आकडा कीर्दीच्या रकान्यात लिहायचा. हे खातेपान, लेखी रूपात खा. पा.

संगणकवाले आज ज्याला कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म, म्हणजे सीडीपी म्हणतात, त्याचं काम हेच. कंपनीच्या विक्रीवाल्यांचं गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, वेगळं, बिलांचं सॉफ्टवेअर वेगळं, तक्रारींचं वेगळं, ॲपचं आणखी वेगळं. या सगळ्या कीर्दी एकत्र करून माणशी एक पान काढायचं आणि त्याला एक क्रमांक द्यायचा. डेव्हिड राब या अमेरिकी सल्लागाराने २०१३ मध्ये या जातीच्या सॉफ्टवेअरला हे नाव दिलं. नाव नवं, खटाटोप जुना. त्यात दोन कामं येतात. या वहीतला कुठला रकाना त्या वहीतल्या कुठल्या रकान्यात जाईल हे ठरवणं म्हणजे मॅपिंग. आणि या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत का हे ठरवणं म्हणजे मॅचिंग.

पहिलं काम सोपं वाटतं. पण परदेशी सॉफ्टवेअर येतं ते 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोन रकाने घेऊन. आपलं नाव तिपदरी. मधलं नाव बापाचं, आणि बाईचं असेल तर लग्नानंतर ते नवऱ्याचं होतं. जुन्या मराठी कागदांत यासाठी 'बिन' आणि 'कोम' होते: अमुक बिन तमुक म्हणजे त्याचा मुलगा, अमुक कोम तमुक म्हणजे त्याची बायको. नात्याला स्वतःची जागा होती. मुंबई राज्याच्या सातबाऱ्यावर पुढे 'अ.पा.क.' आला, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरं कुठल्या रकान्यात घालायची? ऑपरेटर ती नावातच ढकलतो. मूल मोठं होतं, म्हातारं होतं, तरी उताऱ्यावर ते अज्ञानच राहतं आणि यंत्राच्या लेखी 'अपाक' त्याच्या नावाचा भाग होतो.

आमच्या भागात यावर लिपीचा थर चढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला आणि पुढे उताऱ्याची भाषा कन्नड झाली. कर्नाटकाने भूमी प्रकल्पात सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी संगणकावर चढवल्या आणि हाती लिहिलेला उतारा बाद केला. भ्रष्टाचार रोखणारं मोठं काम म्हणून त्याची जगभर वाखाणणी झाली. ती रास्तच होती. पण घरात आणि शाळेत मराठीत असलेलं नाव आता उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि बँकेत इंग्रजीत, आणि या तिन्हींना एकमेकांची ओळख नाही.

दुसरं काम मॅचिंगचं. त्यासाठी नाव ध्वनीवरून ओळखण्याची युक्ती शंभर वर्षांपूर्वीची. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. तिच्यातून आलेली 'साउंडेक्स' पद्धत अजून अनेक डेटाबेसांत असते. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आता 'ज्ञानेश्वर' घ्या. मराठी माणूस इंग्रजीत ते डी-एन-वाय करून लिहितो: संकेत डी५५२. कन्नड वळणाने जे-एन केलं तर जे५५२. हिंदी वळणाने जी-वाय केलं तर जी५२६. एका माणसाची तीन माणसं झाली. एवढ्यावर भागत नाही. 'गावकर' हे आडनाव जुन्या रीतीने जी-ए-ओ-एन असं लिहिलं की त्याचाही संकेत येतो जी५२६! म्हणजे ज्ञानेश्वराची स्वतःशी गाठ पडत नाही, पण गावकराशी पडते.

मॅचिंगचा दुसरा धागा कॅनडातला. हॉवर्ड न्यूकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये जन्म आणि लग्नाच्या नोंदी संगणकाने जुळवून दाखवल्या. दुर्मीळ आडनाव जुळलं तर तो मोठा पुरावा, सरसकट आढळणारं जुळलं तर किरकोळ, हे त्यांचं सूत्र. आमच्या तालुक्यात 'पाटील' जुळलं तर काय जुळलं? जन्मतारखेचं तेच. वयस्क माणसांत १ जूनला जन्मलेले जागोजाग भेटतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरला तारखेचं जुळणं फार वजनदार वाटतं. त्याला गुरुजी माहीत नसतात.

पुढे १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर या संख्याशास्त्रज्ञांनी याला गणित दिलं. त्यात ढीग तीन: जुळलेले, न जुळलेले आणि संशयित. संशयितांचा ढीग माणसाने डोळ्यांखालून घालायचा. माझ्या मते साऱ्या विद्येतला शहाणपणाचा भाग हाच, आणि खर्च वाचवताना पहिली कात्री लागते तीही इथेच.

एक रकाना मात्र निर्धोक आहे, पिनकोडचा. सारख्या नावांची गावं आणि पत्त्यांच्या वेगवेगळ्या भाषा या कटकटीवर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याने तो काढला. ते संस्कृतचे कवीही होते. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. एक खानापूर सांगली जिल्ह्यात, एक आमचं. आमचं ५९१३०२, लिपी कुठलीही असो.

सरकारनेही आता सीडीपीसारखंच काहीतरी उभं केलं आहे. कर्नाटकाच्या 'फ्रूट्स' यंत्रणेत शेतकऱ्याचा आधार, बँक खातं आणि भूमीतली जमीन एकत्र बांधून त्याला एक एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, मिळतो. नवं खातेपानच ते. पण जुन्या पेठेत नाव चुकलं तर शोधाशोध कारकुनाची. आता आधारवर एक आणि उताऱ्यावर दुसरं नाव निघालं की मी तोच आहे असं प्रतिज्ञापत्र करायला शेतकरीच निघतो, तेही पदरच्या पैशाने. जुळवणीच्या प्रवासात झालेला हा बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो.

तुमची पतसंस्था, दूध डेअरी किंवा दुकान जुन्या वहीवरून नव्या सॉफ्टवेअरवर जात असेल, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागून घ्या. नाव माणूस स्वतः ज्या लिपीत लिहितो त्या लिपीत ठेवायला एक वेगळा रकाना. जुना खाते क्रमांक जपायला दुसरा. आणि संशयित जुळण्यांची यादी छापील, म्हणजे गावातली माणसं ओळखणाऱ्या कुणाला तरी ती वाचता येईल. निदान ती यादी तपासून होईपर्यंत जुन्या वह्या रद्दीत घालू नका.