भुतं खोटी, पण भिंती?

२००२ साली निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर ‘इटर्नल डार्कनेस’ नावाचा भुताखेतांचा खेळ आला. अनेक घरांत मुलांनी तो रात्री जागून खेळला. दर प्रकरणात नवा नायक आणि नवा काळ. रोमन साम्राज्यापासून थेट २००० सालापर्यंत. राक्षस खोटे हे मुलांना कळतं. मागच्या भिंतीही चुकीच्या आहेत, हे मात्र कोणीतरी सांगावं लागतं.

सुरुवातच पाहा. इसवी सनपूर्व २६ मध्ये पायस ऑगस्टस नावाचा रोमन शतकाधिपती पर्शियात उतरतो. ‘ऑगस्टस’ हा किताब रोमच्या सिनेटने ऑक्टेव्हियनला दिला तो आदल्याच वर्षी, इसवी सनपूर्व २७ मध्ये. सम्राटाचा वर्षभराचा किताब साध्या सैन्याधिकाऱ्याच्या नावात येतोच कसा?

मग फ्रान्समधलं आमियां. खेळात इ.स. ८१४ मध्ये शार्लमेनचा अंत इथल्या कॅथेड्रलमध्ये होतो. खरा शार्लमेन त्या वर्षीच्या २८ जानेवारीला आखेन इथे, आजारपणात गेला. आमियांच्या प्रसिद्ध कॅथेड्रलचं काम सुरू झालं १२२० मध्ये. खेळातल्या कॅथेड्रलला नाव काल्पनिक दिलंय, तेवढी सूट देऊ. पण तशी गॉथिक बांधणीच बाराव्या शतकाआधी नव्हती. १९१६ च्या प्रकरणात मात्र तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ दाखवलंय, ते पटतं. सोमची लढाई तिथून फार लांब नव्हती.

आखातातल्या मंडळींना आणखी एक गोष्ट खटकेल. १९९१ मध्ये तेलविहिरींची आग विझवायला आलेला माणूस त्या रोमनाच्याच भूमिगत शहरात पोचतो. विहिरी जळत होत्या कुवेतमध्ये आणि ते शहर तर पर्शियात होतं!

मला सर्वांत जास्त खटकलं ते कंबोडियाचं प्रकरण, कारण ते आपल्या जवळचं. ११५० सालची नर्तकी अंकोर थोमच्या देवळात अडकते. ते नगर वसवलं सातव्या जयवर्मनने, आणि तो गादीवर आला ११८१ मध्ये. ११५० च्या सुमारास तिथे दिमाखात उभं होतं ते दुसऱ्या सूर्यवर्मनचं विष्णुमंदिर, अंकोर वाट. समुद्रमंथनाचा लांबच लांब शिल्पपट असलेलं! नर्तकीला तिथे पाठवलं असतं तर साल जुळलं असतं आणि दृश्यही अधिक देखणं झालं असतं.

पुढे १९८३ मध्ये एक पुरातत्त्वज्ञ त्याच देवळात येतो. ख्मेर रूजची राजवट १९७९ मध्ये कोसळली होती, तरी यादवी चालूच होती, रानात सुरुंग पेरलेले होते. अशा देशात १९८६ मध्ये आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं खरोखरच गेली आणि १९९३ पर्यंत अंकोर वाटचं जतनकाम करत राहिली. त्यांच्या काही पद्धतींवर पुढे टीकाही झाली. पण घरी कुणी हा खेळ खेळत असेल, तर त्या प्रकरणाशी थांबून ही हकिगत जरूर सांगा.