कॅपिटॉलच्या टेकडीवरचा तरुण : गिबनचा रोम-प्रवास आणि स्मृतीचा पुरावा

आजचा विषय एका तरुणाचा प्रवास हा आहे. तरुणाचं नाव एडवर्ड गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा आणि पतनाचा तो प्रचंड इतिहास लिहिणारा गिबन आपल्याला माहीत असतो, पण तो ग्रंथकार थोडा वेळ बाजूला ठेवू. १७६४ साली तो २७ वर्षांचा होता. लग्न झालेलं नाही, नावावर एक छोटंसं फ्रेंच पुस्तक, आणि खर्चाला वडिलांचे पैसे.

इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत मुलाला युरोप दाखवून आणायची तेव्हा रीत होती. 'ग्रँड टूर' म्हणत तिला. पुष्कळ मुलं नवे कपडे, थोडं फ्रेंच आणि जुगाराचं थोडंफार कर्ज घेऊन घरी परतत. गिबन त्यातला नव्हता. इटलीत पाऊल टाकण्याआधी तो स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी जवळजवळ वर्षभर राहिला, आणि तिथे त्याने प्राचीन इटलीच्या भूगोलाचा फडशा पाडला. कुठला रस्ता कुठून जात होता, कुठली जमात कुठे राहत होती, नद्यांची जुनी नावं काय, याच्या वह्याच्या वह्या भरल्या. म्हणजे बघा, शहर पाहण्याआधीच ते त्याच्या डोक्यात बांधून तयार होतं! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एप्रिल १७६४ मध्ये तो मों सनीच्या घाटातून आल्प्स उतरला. वेताच्या खुर्चीत बसून, भोयांच्या खांद्यावर. आपण हॅनिबलसारखे हत्तीवरून आलो नाही, असा विनोद त्याने पुढे आत्मचरित्रात केला आहे. मग तुरीन, मिलान, जिनोआ, उन्हाळाभर फ्लॉरेन्स, नंतर सिएना. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात तो रोमन सम्राटांचे अर्धपुतळे एकेक करून न्याहाळत होता आणि टिपणं काढत होता. शहरांचं वर्णन मी करत बसत नाही. पण तुरीनला मात्र थांबायला हवं.

तुरीनचा राजवाडा पाहून आल्यावर त्याने रोजनिशीत एक नोंद केली. रोजनिशी फ्रेंचमध्ये आहे. नोंदीचा आशय असा, की भिंतीवरच्या प्रत्येक सोनेरी नक्षीत मला थंडीने आणि उपासमारीने मरायला टेकलेलं सॅव्हॉयमधलं एक खेडं दिसतं. हे लिहिणारा काही क्रांतिकारक नव्हता. फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा हाच माणूस पुढे हादरून गेला. पण सत्ताविसाव्या वर्षी, राजवाड्यातून बाहेर पडल्या पडल्या, वैभव पाहून त्याच्या मनात पहिला हिशेब आला तो हा.

२ ऑक्टोबरला तो रोमला पोचला. ९ ऑक्टोबरला त्याने वडिलांना पत्र लिहिलं. आपण जणू स्वप्नात आहोत, असं त्यात म्हटलं आहे. पुस्तकांनी रोमची जी कल्पना दिली होती तिच्यापेक्षा हे अवशेष मोठे निघाले. आणि लगेच पुढे काय म्हणतो? असं राष्ट्र पूर्वी कधी झालं नाही, आणि मानवजातीच्या सुखासाठी पुन्हा कधी होऊ नये अशी आशा आहे. एका दमात थक्क होणं आणि त्याच दमात नको म्हणणं. मला विचाराल तर सबंध प्रवासातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

सांगितलं जातं ते दुसरंच. १५ ऑक्टोबर १७६४ ची संध्याकाळ. कॅपिटॉलच्या भग्नावशेषांत गिबन विचार करत बसला आहे, ज्युपिटरच्या देवळात अनवाणी ख्रिस्ती साधू सांजप्रार्थना गात आहेत, आणि या शहराच्या ऱ्हासाचा इतिहास लिहावा ही कल्पना त्याच क्षणी त्याच्या मनात येते. इतिहासलेखनाच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध क्षण असेल. चित्रच तसं आहे हो! साम्राज्य मेलेलं, धर्म गात बसलेला.

आता याचा पुरावा काय?

गिबनच्या इटलीच्या प्रवासाची जी सलग रोजनिशी आपल्या हाती आहे, ती २ ऑक्टोबरला, रोमच्या वेशीवरच थांबते. कॅपिटॉलचा उल्लेख छापून येतो तो ग्रंथाच्या शेवटच्या खंडात, १७८८ साली, म्हणजे २४ वर्षांनी. तारीख आणि साधू येतात आत्मचरित्रात, ते त्याहून नंतरचं. त्या आत्मचरित्राचेही सहा खर्डे आहेत. एका खर्ड्यात तो साधूंच्या चर्चमध्ये बसलेला आहे, आणि ही वेळ माझ्या रोजनिशीत नोंदली आहे असं म्हणतो. दुसऱ्यात चर्चमधून उठून भग्नावशेषांत येऊन बसला आहे! शिवाय १७६४ सालच्या कॅपिटॉलवर अवशेष असे होते किती? वर मायकेलअँजेलोच्या आराखड्याचा चौक होता, भोवती प्रासाद होते, १७३४ पासून लोकांना खुलं असलेलं संग्रहालय होतं. आणि ते साधूंचं चर्च, सांता मारिया इन अराचेली, ज्युपिटरच्या देवळाच्या जागेवर नाहीच. ज्युपिटरचं देऊळ टेकडीच्या दुसऱ्या शिखरावर होतं. असंच आणखी एक. पहिल्या सकाळी आपण फोरममध्ये गेलो आणि सीझर पडला ती जागा डोळ्यांपुढे आली, असंही तो सांगतो. सीझरचा खून फोरममध्ये झालेला नाही. तो पाँपेच्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात झाला, बऱ्याच अंतरावर.

आपल्याकडे न्यायशास्त्रात या बाबतीत फार काटेकोर भूमिका आहे. अन्नंभट्ट तर्कसंग्रहात ज्ञानाचे दोन भाग करतो, स्मृती आणि अनुभव. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव, त्यामुळे स्मृती तिच्या बाहेर राहते. स्मृती खोटीच असते असं नैयायिक म्हणत नाहीत. ती केवळ संस्कारातून उपजते, तिचं खरेपण उसनं असतं, मुळातला अनुभव खरा तर ती खरी. आता आपण सावकाराकडे जाऊन चौकशी करू. तरुण गिबनच्या हातची कागदपत्रं काय सांगतात? सोनेरी नक्षीतली खेडी. पुन्हा होऊ नये असं राष्ट्र. म्हणजे वैभव आणि त्याची किंमत. साधू नाहीत, ज्युपिटर नाही.

मग साधू आले कुठून? १७७६ च्या पहिल्या खंडातली पंधरावं आणि सोळावं ही दोन प्रकरणं ख्रिस्ती धर्माच्या उदयावर आहेत. त्यांच्यावरून गिबनवर धर्मपंडितांनी जी झोड उठवली ती त्याने वर्षानुवर्षं सोसली. हे सगळं होऊन गेलेला माणूस पन्नाशीनंतर आठवायला बसतो, तेव्हा त्याच्या आठवणीतलं चर्च सरकत सरकत ज्युपिटरच्या देवळात जाऊन बसतं. कारण त्याच्या सिद्धान्ताला ते तिथे हवं असतं.

म्हणून हा प्रसंग बनावट ठरवून फेकून द्यावा का? काही अभ्यासकांचा कल तिकडे आहे. मला ते घाईचं वाटतं. त्या टेकडीवर तो गेला नव्हता असं मानायला काही आधार नाही. संध्याकाळी साधू गात असणारच. प्रश्न इतकाच, की हा पुरावा कशाचा? १७६४ च्या संध्याकाळचा म्हणून तो कच्चा आहे. पण आयुष्यभराचं काम संपवलेल्या इतिहासकाराला आपल्या कामाचा अर्थ काय वाटत होता, याचा म्हणून तो पक्का आहे. दोन्ही कामं एकाच वाक्याकडून करून घ्यायची आपली सवय आहे, बरं का. प्रवासवर्णनं वाचताना तर हमखास.

आणि यातली गंमत पुढे आहे. आत्मचरित्रात गिबन सांगतो, की मुळात बेत साम्राज्याचा नव्हता, फक्त रोम शहराच्या पडझडीचा होता. तो बेत त्याने सोडलेला नाही, शेवटासाठी राखून ठेवला. ग्रंथाच्या एकाहत्तराव्या, म्हणजे अखेरच्या प्रकरणात पंधराव्या शतकातला विद्वान पोज्जो एका मित्राबरोबर त्याच कॅपिटॉलच्या टेकडीवर चढतो, आणि दोघं बसून खालचं उद्ध्वस्त शहर पाहतात. तिथे गिबन रोमच्या नाशाची चार कारणं देतो. काळ आणि निसर्ग हे एक, रानटी टोळ्यांचे आणि ख्रिस्ती लोकांचे हल्ले हे दुसरं, इमारतींचे दगड काढून नेणं हे तिसरं, आणि रोमन लोकांची आपसातली भांडणं हे चौथं. यांतलं सर्वांत प्रबळ कारण तो चौथं मानतो. कलोसियमचा किल्ला करून एकमेकांशी लढले ते रोमनच, आणि ते थांबल्यावर त्याच कलोसियमची खाण करून चिरे वाहून नेले तेही त्यांनीच. साधूंचं गाणं या प्रकरणात ऐकू येत नाही.