रोमन डिनेरियस : चांदीवर उमटलेली सत्ता

डिनेरियस हे प्राचीन रोमचे प्रमुख चांदीचे नाणे होय. कार्थेजविरुद्धच्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या काळात, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते प्रचारात आले आणि पुढे सुमारे साडेचार शतके पाडले जात होते. वृत्तपत्रे नसलेल्या त्या काळात राज्यकर्त्यांचा संदेश दूरवर पोहोचविण्याचे ते एक प्रभावी साधन होते.

प्रारंभीच्या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर शिरस्त्राणधारी रोमा देवता, तर मागील बाजूवर कॅस्टर व पोलक्स हे अश्वारूढ जुळे देव आढळतात. देवतेच्या मस्तकामागील दहाचा रोमन अंक नाण्याचे मूल्य दर्शवितो : एक डिनेरियस म्हणजे 'आस' नावाची दहा कांस्य नाणी. पुढे टांकसाळीचे अधिकारी आपल्या घराण्यातील पूर्वजांचे पराक्रम नाण्यांवर चित्रित करू लागले. मात्र हयात रोमन व्यक्तीची प्रतिमा रोमच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांवर नसे.

हा संकेत इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने मोडला. एकाधिकाराचे चिन्ह मानली गेलेली ही नाणी निघाल्यानंतर काही आठवड्यांतच, १५ मार्च रोजी त्याची हत्या झाली. कटातील प्रमुख ब्रूटस याने पुढे काढलेल्या नाण्यावर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली हत्येची तिथी आहे. दुसऱ्या बाजूस मात्र ब्रूटसची स्वतःचीच प्रतिमा आहे. स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यालाही हा मोह आवरला नाही.

सम्राट ऑगस्टसने इजिप्तवरील विजय मगरीच्या चित्राने घोषित केला. त्याचे नातू व दत्तक पुत्र गायस आणि ल्युसियस ढाल-भाल्यांसह उभे असलेली नाणी दक्षिण भारतात विपुल प्रमाणात सापडली आहेत. मिरी आणि अन्य मालाच्या व्यापारातून ती येथे आली. तामिळनाडूतील कोइमतूर परिसर अशा नाणेसाठ्यांसाठी प्रसिद्ध आहे. संस्कृतमधील 'दीनार' हा शब्दही याच नाण्याच्या नावावरून आला.

इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने डिनेरियसचे वजन आणि त्यातील चांदीचे प्रमाण घटविले. लष्करावरील वाढत्या खर्चामुळे नंतरच्या सम्राटांनी ही घट चालूच ठेवली. नाण्यावरील सम्राटाची मुद्रा मात्र तितकीच भारदस्त राहिली. तिसऱ्या शतकाच्या मध्यास डिनेरियस पाडणे जवळजवळ थांबले.